‘तुटवडा’ या शब्दाची शासकीय घडण : अमेरिकेतील आरोग्यसेवक-तुटवडा क्षेत्रांचा इतिहास

प्रस्तावना

एखादे गाव टंचाईग्रस्त आहे हे त्या गावातील माणसांना शासनाच्या कितीतरी आधी कळलेले असते. परंतु शासनदरबारी ते टंचाईग्रस्त ठरण्यासाठी एक आकडा लागतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पिकाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली की वर, यावर शेतसाऱ्याची सूट आणि टंचाईच्या सवलती दीर्घकाळ ठरत असत, आणि त्या आकड्यावरून गावोगाव वादही होत. दुष्काळ निसर्ग आणतो. तो ‘जाहीर’ मात्र शासन करते. या दोहोंमध्ये जे अंतर असते त्यात प्रशासनाचा, राजकारणाचा आणि विज्ञानाचाही इतिहास साठलेला असतो.

प्रस्तुत निबंधाचा विषय असाच एक ‘जाहीर’ केलेला तुटवडा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुरेसे डॉक्टर, दंतवैद्य व मानसोपचारतज्ज्ञ नसलेले प्रदेश संघराज्य शासन अधिकृतपणे निश्चित करते. या प्रदेशांना आज ‘हेल्थ प्रोफेशनल शॉर्टेज एरिया’ असे नाव आहे. पुढील विवेचनात त्यांना ‘तुटवडा क्षेत्रे’ म्हटले आहे. या व्यवस्थेचा पाया १९७० च्या दशकात घातला गेला. आपला प्रश्न असा आहे की, हा तुटवडा मोजताना कोणाला मोजले गेले आणि कोणाला वगळले गेले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांतून तेथे गेलेल्या डॉक्टरांपर्यंतही येऊन पोहोचावे लागते.

पूर्वपीठिका : खाटांची मोजदाद ते माणसांची मोजदाद

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील डॉक्टरांची उणीव विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून चर्चेत होती. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी प्रतिष्ठानसाठी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालयांची पाहणी करून अहवाल सादर केला. त्यानंतर वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा उंचावला. परंतु अनेक लहान विद्यालये बंद पडली, शिक्षण दीर्घ व खर्चिक झाले आणि पदवीधरांचा ओढा शहरांकडे वाढला. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सात विद्यालयांपैकी हॉवर्ड व मेहॅरी ही दोनच पुढे टिकली. त्याचा परिणाम दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्त्यांना पुढील अनेक दशके भोगावा लागला. तरुण डॉक्टर लहान गावांकडे पाठ फिरवीत आहेत, याची आकडेवारीसह नोंद लुईस मेयर्स व लिओनार्ड हॅरिसन यांनी १९२४ मध्येच केली होती.

शासनाचे पहिले मोठे पाऊल मात्र इमारतींच्या दिशेने पडले. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालये बांधण्यासाठी संघराज्याचा निधी उपलब्ध करून दिला. दर हजार लोकसंख्येमागे साडेचार खाटा हे त्याचे परिमाण होते. यामुळे लहान शहरांत रुग्णालये उभी राहिली. पण खाट म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही लवकरच ध्यानात आले. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या आणि उपचारांचा खर्च देण्याची जबाबदारी शासनाने अंशतः पत्करली. त्याच वर्षी जॅक गायगर व काउंट गिब्सन या दोन डॉक्टरांच्या पुढाकाराने बॉस्टनमधील कोलंबिया पॉइंट व मिसिसिपीतील माउंड बायू येथील सामुदायिक आरोग्य केंद्रांना संघराज्याच्या दारिद्र्यनिर्मूलन कार्यक्रमातून साहाय्य मिळाले. पैसे देणारा आला, इमारतही आली. उपचार करणारा कोठून आणावयाचा हा प्रश्न मात्र उरला.

ब्रिटनमध्ये याच सुमारास ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक सूत्र मांडले. जेथे गरज अधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि बाजारपेठेचा प्रभाव जितका जास्त तितकी ही विषमता तीव्र, असे त्याचे सार होते. अमेरिकेतील तुटवडा क्षेत्रांची कल्पना म्हणजे या व्यस्त प्रमाणाला नकाशावर पकडण्याचा एक प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

१९७० चा कायदा

सिअ‍ॅटल येथील बालरोगतज्ज्ञ एब बर्गमन यांनी एक साधी सूचना केली : शासनाच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉक्टर थेट डॉक्टरविहीन वस्त्यांत पाठवावेत. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वॉरन मॅग्नुसन यांनी ती उचलून धरली. विधेयकाचा हा प्रवास मॅग्नुसन यांचे तरुण साहाय्यक एरिक रेडमन यांनी पुढे ‘द डान्स ऑफ लेजिस्लेशन’ या ग्रंथात सविस्तर सांगितला आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ३१ डिसेंबर १९७० रोजी ‘इमर्जन्सी हेल्थ पर्सोनेल अ‍ॅक्ट’वर स्वाक्षरी केली आणि त्यातून ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ ही संस्था जन्मास आली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीऐवजी या सेवेत जाण्याची मुभा असल्याने आरंभी तरुण डॉक्टर मिळणे काहीसे सोपे होते. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि हा ओघ आटला. त्यानंतर शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात सेवा हे सूत्र महत्त्वाचे ठरले.

डॉक्टर पाठवावयाचे तर ‘कोठे’ हे ठरविणे आले. येथून मोजमापाचा इतिहास सुरू होतो. १९७३ च्या कायद्यातून ‘मेडिकली अंडरसर्व्ह्ड एरिया’ ही संज्ञा आली आणि १९७५ मध्ये तिच्यासाठी चार घटकांचा निर्देशांक तयार झाला. लोकसंख्येच्या तुलनेत डॉक्टर, अर्भकमृत्यूदर, दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण आणि ६५ वर्षांवरील वृद्धांचे प्रमाण हे ते चार घटक होत. शंभरांपैकी ६२ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर प्रदेश अपुऱ्या सेवेचा ठरे. आपल्याकडील जिल्ह्याशी स्थूलमानाने तुलना करता येईल अशा ‘काउंटी’ या घटकाचा देशपातळीवरील मध्यगुणांक त्या वेळी याच सुमारास होता. म्हणजे हा मापदंड निरपेक्ष गरजेचा नसून देशातील तत्कालीन सरासरी स्थितीशी केलेल्या तुलनेचा होता.

१९७६ : एकाच कायद्यातील दोन विधाने

या इतिहासातील निर्णायक वर्ष १९७६ हे होय. त्या वर्षीच्या ‘हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट’ने ‘हेल्थ मॅनपॉवर शॉर्टेज एरिया’ ही संज्ञा व तिची चौकट निश्चित केली. परंतु याच कायद्यात संसदेने दुसरेही एक विधान केले होते : देशात आता डॉक्टरांची उणीव राहिलेली नाही, म्हणून परदेशी डॉक्टरांना स्थलांतरात प्राधान्य देण्याचे कारण उरलेले नाही.

हा विरोधाभास समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रनिहाय जुने कोटे रद्द केले आणि डॉक्टरांसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांना प्रवेश सुलभ केला. मुंबई, पुणे, नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांचे अनेक पदवीधर ज्या लाटेत अमेरिकेस गेले ती हीच. अकरा वर्षांनी तेच दार बरेचसे लोटून घेण्यात आले. परदेशी पदवीधरांसाठी नवी पात्रता परीक्षा आली, आणि ‘जे-१’ या विनिमय व्हिसावर प्रशिक्षणास येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू झाली.

एकाच कायद्याने देश ‘पुरेसा’ ठरविला आणि देशातील अनेक प्रदेश ‘अपुरे’ ठरविले. तर्कदृष्ट्या यात विसंगती नाही. एकूण संख्या आणि तिचे वाटप या भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना तुटवडा हा उत्पादनाचा नसून वाटपाचा प्रश्न आहे, ही जाणीव या कायद्याचे श्रेयच मानावे लागेल. १९८० मध्ये शासकीय सल्लागार समितीने १९९० पर्यंत सुमारे ७०,००० डॉक्टर अतिरिक्त होतील असा अंदाज वर्तविला. १९८२ मध्ये जोसेफ न्यूहाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, डॉक्टरांची संख्या वाढली की ते स्पर्धेपोटी लहान शहरांकडेही सरकतात, असे दाखविले. तरीही सर्वांत गरीब आणि सर्वांत दुर्गम वस्त्यांपर्यंत हा प्रवाह पोहोचला नाही. अशा वेळी तेथे जाण्यास तयार असणारा डॉक्टर कोण, हा प्रश्न १९७६ च्या दोन विधानांमधील फटीत अनुत्तरित राहिला.

निकषांची रचना आणि वगळलेली माणसे

१९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले व १९८० मध्ये कायम केलेले निकष आजही या व्यवस्थेचा पाया आहेत. प्राथमिक आरोग्यसेवेसाठी ३,५०० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी डॉक्टर असणे ही मुख्य कसोटी. विशेष गरज असल्यास ती ३,००० वर येते. दंतसेवेसाठी ५,००० आणि मानसोपचारतज्ज्ञांसाठी ३०,००० हे आकडे ठरले. शेजारच्या प्रदेशातील डॉक्टर खरोखर उपलब्ध आहेत का हेही पाहावयाचे होते. त्यासाठी ३० मिनिटांचा प्रवास हे माप घेण्यात आले : सामान्य रस्त्याने २० मैल, डोंगराळ भागात १५, तर महामार्ग असल्यास २५. भूप्रदेशाबरोबरच स्थलांतरित शेतमजुरांसारखे लोकसमूह आणि तुरुंगांसारख्या संस्थाही तुटवडाग्रस्त ठरू शकत होत्या. अंतराइतकेच दारिद्र्यही माणसाला डॉक्टरपासून दूर ठेवते, याची ही कबुली होती.

रचना विचारपूर्वक केलेली होती. पण नियम लिहिला गेला त्या क्षणी तो गोठला. एक उदाहरण पुरेसे आहे. ‘विशेष गरज’ सिद्ध करण्याच्या पर्यायी कसोट्यांपैकी एक म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे २० पेक्षा अधिक अर्भकमृत्यू. १९८० मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय दर सुमारे साडेबारा होता, त्यामुळे २० हा आकडा गंभीर, परंतु आढळणारा होता. आज तो दर सहाच्याही खाली आहे. राष्ट्रीय सरासरीच्या दुप्पट अर्भकमृत्यू असणारा प्रदेशही या कसोटीवर उतरणार नाही.

याहून अर्थपूर्ण आहे ती मोजदादीतून वगळण्याची पद्धत. डॉक्टर मोजताना केवळ विशिष्ट शाखांचे डॉक्टर धरले गेले. ग्रामीण भागात प्रत्यक्ष रुग्ण तपासणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनर व फिजिशियन असिस्टंट यांना त्या गणनेत स्थान नव्हते. आणि नियमांत आणखी एक तरतूद होती : अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेले परदेशी वैद्यकीय पदवीधर डॉक्टरांच्या संख्येत धरावयाचे नाहीत. जे नागरिक वा कायम रहिवासी आहेत परंतु ज्यांच्याकडे पूर्ण परवाना नाही, असे परदेशी पदवीधर अर्धे धरावयाचे.

या तरतुदीला प्रशासकीय कारण निश्चितच होते. तात्पुरत्या डॉक्टरला मोजले तर क्षेत्राचा दर्जा जाईल, दर्जा गेला की मदत जाईल, आणि तो डॉक्टर निघून गेल्यावर गाव पुन्हा मूळ स्थितीत येईल. तरीही परिणाम विलक्षण आहे. एखाद्या गावात परदेशी डॉक्टर दररोज रुग्ण तपासत असेल, तरी कागदावर त्या गावात डॉक्टर नसतो.

१९९४ नंतर : मागच्या दाराने पुढे

१९८० च्या दशकात रेगन प्रशासनाने कोअरच्या शिष्यवृत्त्यांचा निधी मोठ्या प्रमाणात कमी केला. १९८७ मध्ये कर्जफेडीची योजना आली आणि १९९० मध्ये संस्थेचे पुनरुज्जीवन करणारा कायदा झाला. ‘मॅनपॉवर’ या शब्दाच्या जागी ‘प्रोफेशनल’ हा शब्द येऊन तुटवडा क्षेत्रांना सध्याचे नाव मिळाले ते याच वेळी.

तोपर्यंत १९७६ च्या कायद्यातील फट डोळ्यांत भरू लागली होती. ‘जे-१’ व्हिसावर प्रशिक्षित झालेले डॉक्टर दोन वर्षांच्या अटीमुळे परत पाठवावयाचे, आणि त्याच वेळी गावांत डॉक्टर नाही म्हणून निधी खर्च करावयाचा, हे विचित्र होते. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये एक तरतूद झाली. परदेशी डॉक्टरने तुटवडा क्षेत्रात तीन वर्षे, आठवड्याला किमान ४० तास सेवा देण्याचे मान्य केल्यास त्याची मायदेशी परतण्याची अट शिथिल करण्याची शिफारस राज्याचा आरोग्य विभाग करू शकेल, अशी ती होती. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा २० शिफारशी करता येत. २००२ मध्ये ही मर्यादा ३० झाली. तात्पुरती म्हणून आलेल्या या तरतुदीला पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळत राहिली. १९९९ च्या एका कायद्याने तर तुटवडा क्षेत्रांतील रुग्णालयांसाठी परदेशी परिचारिकांना वर्षाला ५०० व्हिसांची स्वतंत्र सोयही काही वर्षांकरिता केली.

अशा रीतीने, मूळ अमेरिकी डॉक्टर गावाकडे वळविण्यासाठी आखलेला नकाशा परदेशी डॉक्टरांच्या वाटचालीचाही नकाशा झाला. अमेरिकेतील परदेशी वैद्यकीय पदवीधरांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. सवलतीची तीन वर्षे पूर्ण केल्यानंतरही देशनिहाय मर्यादेमुळे भारतीय डॉक्टरला कायम निवासासाठी दीर्घकाळ रांगेत राहावे लागते. आणि जोपर्यंत तो कायम रहिवासी होत नाही, तोपर्यंत मूळ निकषांच्या शब्दांनुसार तो मोजला जात नाही. त्याची सेवा आवश्यक मानली गेली, त्याचे अस्तित्व गणनेबाहेर राहिले.

या चित्राची दुसरी बाजू आपल्याकडे आहे. शासकीय महाविद्यालयात सार्वजनिक खर्चाने शिकलेला पदवीधर दुसऱ्या देशाचा तुटवडा भरून काढतो, तेव्हा त्याने मागे सोडलेली जागा त्या देशाच्या कोणत्याही मोजदादीत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी आचारसंहिता स्वीकारली, ती याच प्रश्नाची दखल घेऊन. मात्र ती ऐच्छिक आहे. व्यक्तीच्या स्थलांतराला दोष देण्याचा येथे हेतू नाही. आडगावी, अपरिचित समाजात तीन-तीन वर्षे एकट्याने सेवा देणाऱ्या डॉक्टरांविषयी आदरच वाटावयास हवा. प्रश्न आहे तो मोजणाऱ्या व्यवस्थेचा.

सुधारणेचे अपयशी प्रयत्न

या व्यवस्थेतील दोष अमेरिकेतही लपून राहिले नाहीत. संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने १९९५ च्या अहवालात, ही क्षेत्रनिश्चिती साधनसंपत्ती गरजूंकडे वळविण्याचे उपयुक्त साधन नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. आधीपासून सेवा देणाऱ्यांची गणना न होणे हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. १९९८ मध्ये शासनाने दोन्ही प्रकारच्या क्षेत्रांसाठी एकत्रित नवी पद्धत प्रस्तावित केली. शेकडो हरकती आल्या आणि ती मागे घ्यावी लागली. लेखापरीक्षण यंत्रणेने २००६ मध्ये पुन्हा तेच दोष दाखविले. २००८ चा दुसरा प्रस्तावही त्याच वाटेने गेला. २०१० च्या आरोग्यविमा सुधारणा कायद्यान्वये विविध हितसंबंधीयांची समिती नेमली गेली. तिने ऑक्टोबर २०११ मध्ये अहवाल दिला, परंतु त्यावर पूर्ण एकमत होऊ शकले नाही. निकष मूळ स्वरूपात कायम राहिले.

असे का व्हावे? याचे कारण प्रशासकीय आळसात शोधणे पुरेसे नाही. मधल्या काळात क्षेत्राच्या दर्जाशी अनेक लाभ जोडले गेले होते. कोअरचे डॉक्टर, १९७७ च्या कायद्यानुसार ग्रामीण दवाखान्यांना मिळणारा विशेष मोबदला, मेडिकेअरच्या देयकांवरील १० टक्के जादा रक्कम आणि परदेशी डॉक्टरांची सवलत हे सर्व त्या एका शिक्क्यावर अवलंबून होते. निकष बदलले की काही प्रदेशांचा शिक्का जाणार, हे उघड होते. ज्या दवाखान्याचे अस्तित्वच त्यावर उभे आहे त्याने विरोध केला तर तो स्वार्थ म्हणून झिडकारता येत नाही. त्याचे दार बंद झाले तर रुग्ण खरोखरच उघड्यावर पडतात. तुटवडा हे संकट होते, तसेच ते संरक्षणही बनले होते. अलीकडील वर्षांत प्राथमिक सेवेच्या तुटवडा क्षेत्रांची संख्या सात हजारांवर गेली आहे. पन्नास वर्षांच्या प्रयत्नांनंतरचा हा आकडा गरजेची वाढ किती दाखवितो आणि शिक्क्याचे मोल किती, हे त्या आकड्यावरून वेगळे करता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, एकूण संख्या पुरेशी असूनही वाटप अपुरे असू शकते, ही जाणीव कायद्यात आणणे हे १९७० च्या दशकाचे खरे योगदान होय. दुसरा, एकदा लाभांशी जोडलेला मापदंड वास्तव बदलले तरी बदलत नाही. अर्भकमृत्यूचा गोठलेला आकडा याची साक्ष देतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हा की, तुटवडा मोजताना काम करणाऱ्या माणसांचे मोल ठरत असते. नर्स प्रॅक्टिशनर आणि परदेशी डॉक्टर यांनी गावे सांभाळली, पण गणनेच्या रकान्यात त्यांना जागा मिळाली नाही.

पैसेवारी वाढवून लावली की शेतकरी नाडला जातो, हे आपण जाणतो. अमेरिकेतील हा इतिहास त्याच प्रश्नाची उलट बाजू दाखवितो : आणेवारी लावणाऱ्याने शेतात राबणारा माणूसच मोजला नाही, तर तुटवडा खरा असूनही त्याचा हिशेब खोटा पडतो. आपल्याकडे आरोग्यसेवेच्या रिक्त पदांची चर्चा करताना, त्या रिक्त पदांवर प्रत्यक्षात कोण राबत आहे, हा प्रश्न विचारण्याचे भान या इतिहासाने द्यावे.